भगिनी शहरांच्या जोड्या नावाच्या अर्थावरून लावतात का? जरा लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी युरोपातल्या शहरांवर लेख करताय, गावात शिरताना वेशीवरच्या पाटीखाली परदेशातल्या गावांची नावं लिहिलेली दिसली, आणि तुम्ही बारा जोड्या काढून विचारलंय की ह्या जोड्या नावाच्या अर्थावरून लावल्यात का, आणि नसतील तर नावाचा खरा अर्थ नि जोडीचं खरं कारण शोधायचं कुठे. 'अर्थानं जुळलेली शहरं' असं शीर्षकही ठरवून झालंय. शीर्षक छानच आहे हो, पण अंक छापायला जायच्या आधी विचारलंत हे बरं केलंत.

मी जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात अठरा वर्षं राहतेय, जर्मन-इंग्रजी दुभाषी आहे, आणि कामाचा बराचसा भाग हाच की एखाद्या छोट्या गावाच्या पालिकेत इंग्लंड-आयर्लंडहून बस भरून पाहुणे येतात, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, बँडवाले, फायर ब्रिगेडवाले, आणि तीन दिवस मी त्यांच्या मागेपुढे सगळ्यांची भाषणं इकडची तिकडे करत फिरते. गावांच्या नावांचं वेड त्याआधीपासूनचं, भाषाशास्त्रात एमए करताना लागलेलं, ते काही सुटलं नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं माहितीये.

आधी शब्दाबद्दल. तुम्ही 'जुळी शहरं' लिहिलंय. आपल्याकडे जुळी शहरं म्हटलं की पिंपरी-चिंचवड नाहीतर हुबळी-धारवाड डोळ्यापुढे येतं, शेजारी शेजारी वाढत जाऊन एकमेकांना चिकटलेली. इथे तसं काही नाही, हजार किलोमीटरवरचं गावही चालतं. इंग्रज 'ट्विन टाऊन' म्हणतात, फ्रेंच 'ज्युमेलाज' म्हणतात म्हणजे जुळं करून टाकणं, जर्मन लोक 'पार्टनरश्टाट' एवढं बोलून विषय संपवतात. मला आवडतो तो रशियन शब्द, 'पोब्रातिमी', म्हणजे मानलेले भाऊ. मराठी पेपरात 'भगिनी शहर' लिहितात म्हणून मीही तेच लिहिते, पण तुम्ही मनात 'मानलेली बहीण' असं म्हणून बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. गावाचं नाव जन्मापासूनचं, कुणी ठेवलं कधी ठेवलं गावालाच आठवत नाही, आणि पाटीवरची बहीण मागाहून मानलेली, तारीख-सही-शिक्क्यासकट. राखी बांधताना आडनावं जुळतात का ते कुणी बघत नाही.

तुमच्या यादीत पहिलंच ऑक्सफर्ड आहे, तिथूनच सुरू करू. ऑक्सफर्ड म्हणजे बैलांचा उतार, नदी उथळ असते आणि गुरं पाण्यातून पलीकडे नेता येतात ती जागा. आता अगदी ह्याच अर्थाचं, शब्दाला शब्द जुळणारं गाव जर्मनीत बव्हेरियामध्ये माइन नदीवर आहे, ऑक्सनफुर्ट. तुमच्या हिशोबानं ह्यांचीच जोडी लागायला हवी ना? पण ऑक्सफर्डनं जर्मनीत नातं जोडलं ते बॉनशी, १९४७ साली. युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झालेली, जर्मनीत खायची मारामार, आणि इकडच्या विद्यापीठाच्या गावानं तिकडच्या विद्यापीठाच्या गावाला हात दिला, असा तो मामला. त्याच वर्षी ब्रिस्टलनं हानोव्हरचा हात धरला. त्या वेळी बैलाचा विचार कोण करतंय. (जाता जाता, इस्तंबूलच्या बॉस्फरसच्या ग्रीक नावाचा अर्थही गाईबैलांची वाट असाच लावतात. नावावरूनच जोड्या लावायच्या तर मग तिलाही पंगतीला बसवा.)

कोलोनचं तर याहून बोलकं आहे. १९५८ मध्ये कोलोन, लिल, ट्युरिन, लिएज, रॉटरडॅम आणि लक्झेंबर्गमधलं एश अशा सहा शहरांनी एकदमच रिंगण धरल्यासारखं आपसात नातं जोडलं. आता नावं बघा, कोलोन म्हणजे रोमनांची 'कोलोनिया', वसाहत, इ.स. ५० मध्ये सम्राट क्लॉडियसची बायको अग्रिपिना, जिचा जन्मच तिथला, तिच्यामुळे गावाला तो दर्जा मिळाला. लिल म्हणजे बेट. रॉटरडॅम म्हणजे रॉटे नदीवर घातलेला बांध. ट्युरिन आलं ताउरिनी नावाच्या टोळीवरून. एकाचं दुसऱ्याशी काही घेणंदेणं नाही. पण त्या वर्षीच्या जानेवारीत युरोपीय आर्थिक समुदाय सुरू झाला, त्यात सहा देश, आणि ह्या रिंगणात प्रत्येक देशातलं एकेक शहर. बस, एवढंच कारण.

मग नाव आणि नातं एकाच ठिकाणी कधी भेटतच नाहीत का? भेटतात, आणि तुमच्या यादीत तशी एक जोडी आहे, इंग्लंडमधलं बाथ आणि फ्रान्समधलं एक्स-आं-प्रोव्हान्स. रोमन लोकांना गरम पाण्याचे झरे दिसले की ते नावात 'अक्वाए', म्हणजे पाणी, घालायचे. बाथचं जुनं नाव 'अक्वाए सुलिस', सुलिस ही तिथली स्थानिक देवी, आणि एक्सचं 'अक्वाए सेक्स्तिए', सेक्स्तियस नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं इ.स.पू. १२२ च्या सुमारास वसवलेलं. बोलता बोलता 'अक्वाए' झिजून झिजून 'एक्स' झालं, आणि बाथमध्ये इंग्रजांनी सरळ आपल्या भाषेत 'आंघोळ' असं नाव ठेवून टाकलं. दोन्ही गावं आज एकमेकांची भगिनी शहरं आहेत. छान ना? पण लिहिताना 'दोघींच्या नावात पाणी, दोघी बहिणी' इथपर्यंतच थांबा, 'नावामुळे बहिणी' असं लिहायचं तर करारपत्रात किंवा पालिकेच्या ठरावात ते दिसायला हवं. कारण नेमकं ह्याच घराण्यातलं तिसरं गाव आहे आखेन. तिथेही गरम झरे, रोमन काळात तेही 'अक्वाए', फ्रेंच लोक आजही त्याला एक्स-ला-शापेल म्हणतात, आणि जर्मन नाव पाण्याच्याच जुन्या जर्मन शब्दावरून. तर आखेननं फ्रान्समध्ये जोडी कुणाशी लावली? एक्सशी नाही, रँसशी, १९६७ साली. आखेनला ९३६ पासून १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक व्हायचे आणि रँसला फ्रेंच राजांचे, म्हणजे दोन्ही मानाची गादीची गावं. पाणी राहिलं बाजूला, मुकुटानं जोडी लागली.

नावांच्या बाबतीत लोक फसतात कुठे ते आता सांगते, कारण तुमच्या यादीतले अर्थ मला गाईडकडून ऐकल्यासारखे वाटले. राग मानू नका, मीही फसलेय. दहा-बारा वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या एका ग्रुपला बर्लिन दाखवत होते, अगदी ठासून सांगितलं की जर्मनमध्ये 'बेअर' म्हणजे अस्वल, म्हणून बर्लिन, बघा झेंड्यावर अस्वल, फिल्म फेस्टिव्हलचं बक्षीस अस्वल. ग्रुपमध्ये भूगोल शिकवून रिटायर झालेले एक सर होते, ते शांतपणे म्हणाले, "ताई, बेर झालं अस्वल, मग हे लिन कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हॉटेलवर जाऊन वाचत बसले तेव्हा कळलं की नाव जर्मन आहे कुठे, ते स्लाव (रशियन-पोलिशच्या घराण्यातल्या) भाषेतलं, दलदल ह्या अर्थाच्या शब्दावरून आलेलं, आणि त्या पट्ट्यात तशी नावं ढिगानं आहेत, श्वेरिन, टेम्प्लिन, श्टेटिन, सगळ्यांच्या शेवटी 'इन' आणि बोलताना जोर त्या 'इन'वर. अस्वल नंतर आलं, नावाच्या आवाजावरून चिन्ह बनवलं लोकांनी. ट्युरिनच्या चिन्हात बैल आहे तोही असाच, टोळीचं नाव लॅटिनमधल्या 'ताउरुस'सारखं, म्हणजे बैलासारखं वाजलं, आणला बैल.

पण म्हणून प्रत्येक चिन्ह खोटं असंही नाही, म्युनिकच्या चिन्हात साधू आहे आणि तिथे ते बरोबर आहे, ११५८ च्या कागदात 'मुनिखेन' असं येतं, म्हणजे मठातल्या साधूंपाशी असलेली जागा. मग ओळखायचं कसं? माझी पद्धत एवढीच की आजचं स्पेलिंग बघायचंच नाही, सगळ्यात जुन्या कागदात नाव कसं लिहिलंय ते शोधायचं, मग आजूबाजूच्या गावांची नावं बघायची, मग जमीन बघायची. केंब्रिज घ्या. कॅम नदीवरचा ब्रिज, इतकं सरळ दिसतं की शंकाच येत नाही, पण जुन्या कागदांत गावाचं नाव 'ग्रांटाब्रिज'सारखं आहे, नदी ग्रांटा. लोकांच्या तोंडी गावाचं नाव घासत घासत केंब्रिज झालं, आणि मग लोकांना वाटलं की पूल केंब्रिज तर नदी कॅमच असणार, म्हणून नदीचं नाव बदललं! म्हणजे लेकीवरून आईचं नाव पडल्यासारखं. आणि ज्यांनी नुकतं ए-१, म्हणजे पहिल्या पायरीचं जर्मन केलंय ते नॉयनकिर्शनला 'नऊ चर्चं' म्हणतात, कारण 'नॉयन' म्हणजे नऊ. ते 'नव्या चर्चपाशी' आहे. नऊ आणि नवं हा घोळ मराठीतही होऊ शकतोच की.

बाकी बरीचशी नावं साधी असतात, त्यात रहस्य नसतं. कोब्लेन्झ हे लॅटिन 'कॉन्फ्लुएन्तेस', म्हणजे संगम, ऱ्हाइन आणि मोझेल तिथे भेटतात. आपल्याला संगमनेर, संगमेश्वर कळायला डिक्शनरी लागत नाही तसंच. इंग्लंडमधली मँचेस्टर, लँकेस्टर, ग्लॉस्टर ही सगळी रोमन छावणीची, 'कास्त्रा'ची. डर्बी, ग्रिम्सबी मधलं 'बी' डॅनिश लोकांनी आणलेलं, गाव ह्या अर्थाचं. जर्मनीत एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की एकाला 'ग्रोस' आणि दुसऱ्याला 'क्लाइन' लावतात, म्हणजे आपलं बुद्रुक आणि खुर्द.

आता दुसरी बाजू, जोड्या लागतात कशा. ह्याला एक उत्तर नाही, देशावर अवलंबून आहे, काळावर आहे, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा दोन महापौरांची ओळख कशी झाली ह्यावर आहे. पण सगळ्यात मोठं कारण युद्ध. फ्रेंच-जर्मन जोड्यांत पहिली म्हणून मान आहे तो माँबेलियार आणि लुडविग्सबुर्गचा, १९५०. माँबेलियारचे तेव्हाचे महापौर ल्युसियाँ तारादँ स्वतः बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परत आलेले, आणि पाच वर्षांत त्याच माणसानं जर्मन गावाशी हात मिळवला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ गप्पच बसले होते. पण लुडविग्सबुर्गच का? कारण माँबेलियार चारशे वर्षं, १३९७ पासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत, व्युर्टेंबर्गच्या घराण्याकडे होतं, जर्मनमध्ये त्याचं नाव म्योम्पेलगार्ड, आणि लुडविग्सबुर्ग हे त्याच घराण्यातल्या एबरहार्ड लुडविगनं १७०४ मध्ये वाडा बांधायला घेतला त्याभोवती वसलेलं गाव, नाव त्याचंच. बघा, इथे नावानं थेट जोडी लावली नाही, पण नाव उलगडलं की नात्याचा धागा हाताला लागतो. तुमच्या लेखात असल्या जोड्या हव्यात. नंतर १९६३ च्या जानेवारीत फ्रान्सचे द गॉल आणि जर्मनीचे आडेनाउअर ह्यांनी दोन देशांच्या मैत्रीचा एलिझे करार केला आणि मग अशा जोड्यांचं पेवच फुटलं, आज फ्रान्स-जर्मनीच्या दोन हजारांहून जास्त आहेत.

इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीचं प्रकरण ह्याच्याही आधीचं, युद्ध चालू असतानाचं. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी कोव्हेंट्री जाळलं. पुढे स्टालिनग्राडची लढाई झाली तेव्हा कोव्हेंट्रीतल्या आठशेहून जास्त बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामात घालून तो तिकडे पाठवला, पैशांसकट. १९४४ मध्ये दोन शहरांचं नातं पक्कं झालं. आणि १९५९ मध्ये त्याच कोव्हेंट्रीनं ड्रेस्डेनशी नातं जोडलं, म्हणजे ज्या देशानं आपलं गाव जाळलं त्यातल्या अशा शहराशी, जे आपल्या विमानांनी जाळलं होतं. नावं बघाल तर कोव्हेंट्री म्हणजे कोफा नावाच्या कुणाचं तरी झाड, ड्रेस्डेन म्हणजे सोर्बियन, म्हणजे तिथल्या जुन्या स्लाव भाषेत नदीकाठच्या रानातले लोक. दोन्हींत झाडं आहेत हो! पण जोडी झाडांमुळे लागली असं कुणी लिहिलं तर मला त्याच्याशी भांडावं लागेल.

आणि त्या तिसऱ्या शहराच्या, स्टालिनग्राडच्या, नावाची गंमत तर वेगळीच. मूळ नाव त्सारित्सिन, ऐकून वाटतं त्सारच्या, म्हणजे रशियन सम्राटाच्या, राणीचं गाव, पण ते तिथल्या छोट्या नदीवरून आलेलं आणि नदीचं नाव तुर्की धाटणीचं, 'सारी सू', पिवळं पाणी. रशियन कानांना ते 'त्सारित्सा' ऐकू आलं. १९२५ मध्ये स्टालिनग्राड झालं, १९६१ मध्ये वोल्गोग्राड. कोव्हेंट्रीची बहीण तीच, नाव दुसरं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर कोव्हेंट्रीनं ते नातं स्थगित केलं. तेव्हा यादी छापताना 'आहेत' लिहायचं की 'होती' हेही बघून घ्या, त्या वर्षी रशियन शहरांशी असलेली बरीच नाती गोठवली गेलीत.

नाव बदलण्याच्या बाबतीत माझी आवडती जोडी झारलुई आणि आयझेनह्युटनश्टाट. झारलुई हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६८० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, झार नदीवरचा लुई. नाझींना शहराच्या नावात फ्रेंच राजा कसा खपणार, १९३६ मध्ये त्यांनी 'झारलाउटर्न' करून टाकलं, युद्धानंतर परत झारलुई. दुसरं शहर पूर्व जर्मनीत पोलादाच्या कारखान्याभोवती कोरं वसवलेलं, १९५३ मध्ये नाव ठेवलं स्टालिनश्टाट, आणि १९६१ मध्ये स्टालिन नकोसा झाल्यावर आयझेनह्युटनश्टाट, म्हणजे लोखंडाच्या कारखान्याचं शहर. १९८६ मध्ये ह्या दोघांची जोडी लागली आणि ती पूर्व-पश्चिम जर्मनीतली पहिली भगिनी शहरं ठरली. पूर्वेचे नेते होनेकर मूळचे झारलुई ज्या राज्यात आहे त्या झारलांडचेच, आत्ता वर आलं त्या नॉयनकिर्शनमध्ये जन्मलेले, म्हणून मान झारलांडमधल्या शहराला. दोन्ही गावांना आपापल्या काळच्या हुकूमशाहीनं बारसं करून दिलेलं आणि दोन्हींनी ते पुसून टाकलेलं. ते ठरवून जुळवलं नव्हतं, पण लेखाला यापेक्षा चांगला मसाला मिळणार नाही.

सगळ्यात जुनी जोडी विचारलीत तर जर्मनीतलं पाडरबॉर्न आणि ल माँ. ८३६ साली संत लिबोरियसच्या अस्थी फ्रान्समधल्या ल माँहून पाडरबॉर्नला नेल्या, तेव्हापासून दोन्ही चर्चनी बंधुत्व सांभाळलंय, पालिकांचा करार मात्र १९६७ चा. पाडरबॉर्न म्हणजे पाडर नदीचा उगम, गावात दोनशेहून जास्त झरे आहेत आणि नदी इतकी बुटकी की चारेक किलोमीटरमध्ये संपते.

आता खरोखर नावावरूनच जुळलेल्या जोड्या. आहेत, पण बहुतेक हसतखेळत केलेल्या. 'नॉयश्टाट' म्हणजे नवं शहर, ह्या नावाची इतकी गावं आहेत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि शेजारपाजारच्या देशांत की त्यांनी मिळून एक मंडळच काढलंय, तीसहून जास्त गावं आहेत त्यात. (नेपल्स म्हणजे ग्रीक 'नेआपोलिस', तेही नवं शहर. कार्थेज, तेही नवं शहर. मग रोमनांनी स्पेनमध्ये 'कार्थागो नोव्हा' केलं, आजचं कार्ताहेना, म्हणजे नवं नवं शहर!) दुसरी जोडी म्हणजे वेल्समधलं ते ५८ अक्षरी नावाचं गाव आणि फ्रान्समधलं 'इ' नावाचं, एकाच अक्षराचं, शंभराच्या आतल्या वस्तीचं खेडं. वेल्सच्या नावाचा अर्थ विचारलात तर पुढचा छोटा तुकडा खरा आणि जुना, 'पांढऱ्या हेझलच्या खळग्यातलं मेरीचं चर्च', पण मागची लांबलचक शेपटी १८६० च्या दशकात प्रवाशांनी रेल्वेनं गाव बघायला यावं म्हणून मुद्दाम जोडलेली. तुमच्या लेखात हे गाव येणार असेल तर शेपटीचा अर्थ 'प्राचीन' म्हणून देऊ नका.

आणि व्हिटवेलची गोष्ट तर सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये रटलंडमधलं एवढंसं खेडं, तिथल्या पबमध्ये बसणाऱ्या मंडळींनी पॅरिसच्या महापौरांना, तेव्हा जाक शिराक होते, पत्र लिहिलं की आपण भगिनी शहरं होऊ या, अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर होकार समजू. उत्तर आलं नाही. लावली पाटी, 'पॅरिसची भगिनी'. पॅरिसनं मात्र १९५६ पासून ते नातं फक्त रोमशी ठेवलंय, बाकी सगळ्यांशी 'मैत्री आणि सहकार्याचा करार'. तुमच्या यादीतली बर्लिन-पॅरिस जोडी ह्याच कारणानं अडचणीची आहे, १९८७ पासूनचं नातं बर्लिन आपल्या भगिनी शहरांत मोजतं आणि पॅरिस मोजत नाही. एकानं भाऊ मानला आणि दुसऱ्यानं मित्रच मानला, असं.

आपल्या जवळची जोडी म्हणजे स्टुटगार्ट आणि मुंबई, १९६८ पासून. स्टुटगार्टचं नाव घोड्यांवरून, 'श्टूटनगार्टन', घोड्यांच्या पैदाशीचा तबेला, दहाव्या शतकात तिथे तो होता असं सांगतात, आणि गावाच्या चिन्हातला घोडा अजून धावतोय. मुंबई मुंबादेवीवरून. पण इथल्या कार्यक्रमांना कुणी ना कुणी उठून हमखास सांगतोच की बॉम्बे म्हणजे पोर्तुगीज 'बॉम बाईया', चांगलं बंदर. मी सध्या एकच उत्तर देते, पोर्तुगीजमध्ये 'बाईया' स्त्रीलिंगी आहे हो, त्यामुळे 'बोआ बाईया' म्हणावं लागेल, पोर्तुगीज माणूस आपल्याच भाषेत लिंग चुकवून बंदराचं नाव ठेवेल का? देवीचं नाव परक्यांच्या जिभेवर वळलं नाही, एवढीच ती गोष्ट. तर ह्या जोडीत एका बाजूला घोडी आणि एका बाजूला देवी, अर्थ जुळवायच्या फंदात पडू नका.

म्हणजे इथपर्यंतचं थोडक्यात असं, नावाचा अर्थ आणि जोडीचं कारण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, दोन्हींचे पुरावे वेगळ्या कपाटात असतात, आणि दोन्ही वेगवेगळं तपासल्यावर कुठे भेटली तर ती बोनस.

कपाटं कुठली ते सांगते. जोडीसाठी पालिकेची वेबसाइट बघा, दोन्ही गावांची, एका बाजूची नाही. करारपत्रावर बऱ्याचदा दोनदा सह्या होतात, आधी ह्यांच्या गावात मग त्यांच्या, त्यामुळे एकाच जोडीची दोन वर्षं सापडली तर घाबरू नका, दोन्ही खरी असू शकतात, कुठला समारंभ धरलाय ते लिहा. माँबेलियारचंही तसंच आहे, हात मिळवले १९५० मध्ये, रीतसर करारपत्र बऱ्याच वर्षांनी. 'मैत्री', 'सहकार्य', 'हवामान भागीदारी' असं वेगळं लिहिलं असेल तर ते भगिनी शहरांत मिसळू नका, इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये हा काला नेहमी असतो. नावासाठी इंग्लंडचं काम सोपं, तिथल्या, १९२३ मध्ये निघालेल्या प्लेस-नेम सोसायटीनं काउंटीवार खंड काढलेत, प्रत्येक नावाची जुनी रूपं सालासकट दिलेली. जर्मनीत गावाच्या इतिहासाच्या पानावर 'पहिला उल्लेख' म्हणून साल आणि तेव्हाचं रूप बहुतेक वेळा मिळतंच. फक्त महापौरांच्या भाषणातला अर्थ घेऊ नका. एकदा एका स्वागताला महापौर गावाच्या नावाचा अर्थ रंगवून सांगत होते, मी इंग्रजीत तितकंच रंगवत होते, आणि मागच्या रांगेत गावातले इतिहासाचे मास्तर डोकं धरून बसले होते. जेवताना त्यांनी मला खरं काय ते सांगितलं, पण तोपर्यंत चाळीस पाहुण्यांच्या वहीत चुकीचं गेलं होतं.

तेव्हा तुमच्या बारापैकी बर्लिन-पॅरिसला वरची टीप जोडा आणि अस्वल काढा. बाथ-एक्स ठेवा, शेजारी आखेन-रँस लावा म्हणजे वाचकाला फरक आपोआप दिसेल. ऑक्सफर्ड-बॉन पण काढू नका, त्याच पानावर ऑक्सनफुर्टची एक चौकट टाका. फोटो लागला तर सांगा, गेल्या उन्हाळ्यात मी तिथे पुलावरून काढलेला आहे. नदी दिसते, बैल नाही आले.